चोवीस तासांच्या ज्ञानात आमचा तास कोणता?

विद्यापीठ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आले की ज्ञान झोपडीपर्यंत पोहोचेल, असे या देशाला सांगितले जाऊ लागले, त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१ बी उपग्रहाच्या आधाराने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केली. २६ जानेवारी २००० रोजी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची 'ज्ञानदर्शन' वाहिनी आली. २६ जानेवारी २००४ रोजी आयोगाच्याच 'कन्सोर्टियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन' या संस्थेची चोवीस तासांची 'व्यास' वाहिनी आली. आणि ९ जुलै २०१७ रोजी, म्हणजे गुरुपौर्णिमेचा मुहूर्त साधून, 'स्वयंप्रभा' या नावाने एकदम ३२ वाहिन्यांचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले.

चार योजना, चार सोहळे, चार वेळा 'घराघरांत ज्ञान' ही घोषणा. आणि मंगरूळपीर तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा की बापहो, विद्यापीठाची वाहिनी तुमच्या टीव्हीवर कितव्या नंबरला लागते? उत्तर मिळत नाही. मालिकांचे नंबर पाठ आहेत, क्रिकेटचा नंबर पाठ आहे, बाबा-बुवांच्या प्रवचनांचे नंबर तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. विद्यापीठाचा नंबर मात्र पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींनाही माहीत नसतो. हा दोष त्या मुलांचा आहे काय?

आम्ही या प्रश्नाकडे वकिलाच्या नजरेने पाहतो. म्हणून आधी समोरच्या पक्षाची बाजू पूर्ण मांडू आणि मगच आमचा आक्षेप नोंदवू.

स्वयंप्रभाच्या एका वाहिनीच्या एका दिवसाचे गणित सरळ आहे. रोज किमान चार तासांचे नवे पाठ, आणि तेच पाठ आणखी पाच वेळा. चार सक चोवीस! या हिशेबाने सकाळी नऊला लागलेला पाठ दुपारी एकला लागतो, संध्याकाळी पाचला लागतो, रात्री नऊला लागतो, मध्यरात्री एकला आणि पहाटे पाचलाही लागतो. दूरदर्शनच्या मोफत 'फ्री डिश'वर तो दिसतो. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याचा हप्ता नाही.

ही योजना लहान नाही आणि वाईट तर मुळीच नाही. १९८४च्या 'कंट्रीवाइड क्लासरूम'चे पाठ दुपारी लागत आणि इंग्रजीत लागत. दुपारी आमची माणसे कुठे असतात? निंदणाला, सोंगणीला, बांधकामावर, बाजार समितीच्या काट्यावर. वस्तीत टीव्ही तरी कुणाकडे होता? पुढे टीव्ही आला तर विदर्भाच्या खेड्यांना भारनियमनाने घेरले. तो वर्ग 'देशव्यापी' म्हणवत होता, पण त्याच्या देशात आमच्या वस्त्या नव्हत्या. आजच्या वाहिनीचा पाठ सहा वेळा फिरून येतो. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेली पोरगी तो रात्री नऊला पाहू शकते. वेळेची भिंत पडली, हे मान्य केले पाहिजे आणि आम्ही ते मान्य करतो.

शिक्षणात वेळ ही किरकोळ गोष्ट नसते, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. का, तर नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकून कामावर जाता यावे. घड्याळ विद्यार्थ्याप्रमाणे फिरवायचे, विद्यार्थ्याला घड्याळाप्रमाणे हाकलायचे नाही, ही बाबासाहेबांची रीत.

मग अडले कुठे? तीन ठिकाणी अडले आहे. भाषेत, आशयात आणि पदवीच्या दारात.

पहिली गोष्ट भाषेची. विद्यापीठांच्या या वाहिन्यांवर मान इंग्रजीचा, त्याखालोखाल हिंदीचा. मराठी शोधावी लागते. इयत्ता बारावीपर्यंत मराठीत शिकलेले मंगरूळपीरचे पोर अर्थशास्त्राचा पाठ लावते आणि पाच मिनिटांत वाहिनी बदलते. लोक म्हणतात, या पोरांना अभ्यासाची गोडी नाही. गोडी नाही की घास तोंडात जाईल असा कोणी भरवला नाही? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, फटाके फुटले, पेढे वाटले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर उच्च शिक्षण भारतीय भाषांतून वाढवा असे लेखी सांगते. मग अभिजात भाषेला विद्यापीठाच्या पडद्यावर रोजचा एक ठरलेला तास का मिळू नये?

ज्या आषाढ पौर्णिमेचा मुहूर्त सरकारने २०१७ मध्ये धरला, तिचा एक इतिहास आम्हालाही ठाऊक आहे. याच पौर्णिमेला तथागतांनी सारनाथ येथे पाच जणांपुढे पहिला उपदेश केला. पुढे दोन भिक्खूंनी, ते जन्माने ब्राह्मण होते असे विनयपिटक सांगते, बुद्धवचन छांदस भाषेत बसवण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत ते शिकावे असे सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न विद्यापीठांच्या वाहिन्यांना अजून सुटत नाही, याला काय म्हणावे?

भाषा शक्य नाही, असेही कोणी म्हणू नये. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आणली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे साठ, असे ४८० भाग, सगळे मराठीत, तेही साथ चालू असताना! पुढे १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पात शालेय वर्गांच्या १२ वाहिन्यांच्या २०० वाहिन्या करून त्या राज्यांच्या भाषांत चालवण्याची घोषणा झाली. शाळेला भाषा मिळू शकते, तर महाविद्यालयाच्या उंबऱ्यावर ती का अडखळते? पुणे विद्यापीठातले शैक्षणिक माध्यम केंद्र हे तर देशातल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक आहे. कॅमेरे आहेत, तंत्रज्ञ आहेत, मराठीत शिकवणारे प्राध्यापक आहेत. इच्छा तेवढी नाही.

दुसरी गोष्ट आशयाची. नावांवरून घराची ओळख पटते म्हणतात. २००४च्या वाहिनीचे नाव 'व्यास'. २०१७ मध्ये पदवी शिक्षणाच्या ज्या वाहिन्या आल्या, त्यांत भाषा-साहित्याची 'वागीश', शिक्षणशास्त्राची 'सारस्वत', कायद्याची 'विधिक', अर्थशास्त्र-वाणिज्याची 'कौटिल्य', विज्ञानाची 'आर्यभट'. आर्यभटाबद्दल आमची तक्रार नाही; तो गणिती होता आणि गणिताला जात नसते. पण अर्थशास्त्राला कौटिल्यच का? ज्याच्या ग्रंथात चांडाळांना आणि पाखंड्यांना स्मशानाच्या टोकाला राहायला सांगितले आहे, ज्याच्या ग्रंथात देवकार्याला किंवा पितृकार्याला बौद्ध भिक्खू जेवू घालणाऱ्याला शंभर पणांचा दंड सांगितला आहे, त्याच्या नावाच्या पडद्यासमोर बसून आमच्या मुलीने अर्थशास्त्र शिकायचे? याच देशात एका माणसाने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला, ब्रिटिश इंडियातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्याचा दुसरा ग्रंथ १९२५ मध्ये आला, आणि हिल्टन यंग आयोगापुढे त्याने चलनाविषयी साक्ष दिली. त्या माणसाचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. वाहिनीला नाव ठेवताना तो कोणालाच आठवला नाही!

नावावर काय अडते, असे आमचे काही शहाणे मित्र विचारतील. नाव बदलले आणि आत तेच राहिले तर आम्हालाही समाधान नाही. प्रश्न आत काय शिकवले जाते याचा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. एका खंडावर एक महिनाभर मराठीत पाठ द्यायचे म्हटले तरी कितीतरी महिन्यांचे साहित्य सरकारच्याच कपाटात पडून आहे. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आहे, ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' आहे. हे सगळे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे आणि परीक्षेला विचारले जाते. मग त्यावरचे मराठी पाठ पडद्यावर शोधण्याची वेळ विद्यार्थ्यावर का यावी?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. समजा, भाषा आली, आशय आला, आमच्या मुलीने वर्षभर रोज रात्री नऊला बसून सगळे पाठ पाहिले. पुढे काय? तिच्या हाती काय पडले? काहीही नाही. नुसता पाठ पाहण्याला श्रेयांक नाहीत. आयोगाने 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठाच्या अभ्यासक्रमांना २०१६च्या विनियमांनी मान्यता दिली, आणि २०२१च्या विनियमांनी सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्या मार्गाने करण्याची मुभा दिली. मुभा चांगली आहे. पण तिची वाट इंटरनेटवरून जाते. नोंदणी तिथे, आठवड्याचा गृहपाठ तिथे, परीक्षेचा अर्ज तिथे. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याला टीव्हीची गरज नाही. ज्याच्याकडे फक्त टीव्ही आहे त्याला पदवीची वाट नाही! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या फक्त १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आणि ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. म्हणजे ज्या वर्षी ३२ वाहिन्या वाजतगाजत आल्या, त्याच काळातले हे आकडे. त्यानंतर मोबाइल वाढले, हे खरे. पण घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात, आणि महिन्याचा रिचार्ज संपला की बंद. याला कोणी वर्ग म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

ही अर्धवट उघडी दारे जगाने आधी पाहिली आहेत. अमेरिकेत २५ मे १९५३ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाने केयूएचटी ही त्या देशातली पहिली शैक्षणिक सार्वजनिक दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. दिवसा कामावर जाणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिचे अभ्यासवर्ग रात्री लागत. पण त्या विद्यापीठात १९६२ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. विचार करा. हवेतून येणारी लहर घराचा रंग विचारत नाही. ती काळ्या वस्तीतही पोहोचत होती. प्रवेशाची वही मात्र रंग विचारत होती. पाठ ऐका, पण पदवी मागू नका! आमच्याकडे आज वहीत जात विचारून कोणी हाकलत नाही. तसे केले तर संविधान आडवे येते. पण तालुक्याच्या गावातल्या मजुराच्या मुलीपुरता परिणाम तोच होतो, कारण वही तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवलेलीच नाही.

याच्या उलट ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने केले. ३ जानेवारी १९७१ रोजी बीबीसीवरून त्याचे पाठ सुरू झाले, तेव्हा पाठासोबत टपालाने पुस्तके होती, गृहपाठ तपासणारे शिक्षक होते, गावोगावी अभ्यासकेंद्रे होती आणि शेवटी परीक्षा व पदवी होती. पडदा हा त्या व्यवस्थेचा एक भाग होता. आपल्याकडे पडदा आहे आणि व्यवस्थाही आहे, पण दोघांची गाठ नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्यातालुक्यांत आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून वऱ्हाडात आहे, ज्यात वाशीम जिल्हाही येतो. गाडगेबाबा गावोगाव फिरले आणि लोकांच्या बोलीत बोलले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने तरी हे काम हाती घ्यावे. केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव २०१८ मध्ये घातले. जिल्हा मागास ठरवताना जी तत्परता दाखवली, ती त्याला पुढे आणताना का दिसत नाही?

हे मागणे उपकाराचे नाही, हक्काचे आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. गावच्या पाणवठ्यावर आमचा हक्क सिद्ध करायला महाडला सत्याग्रह करावा लागला. आकाशातल्या या पाणवठ्यावरचा हक्क न्यायालयाने आधीच लिहून दिला आहे. प्रसार भारती कायदा १९९०च्या कलम १२(२) मध्ये महामंडळाची कर्तव्ये मांडली आहेत: शिक्षणाचा प्रसार, प्रदेशाप्रदेशांच्या भाषांना न्याय, सामाजिक न्यायाचे संवर्धन, अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढा, दुर्बल घटकांचे हित. फ्री डिश चालवते ती हीच प्रसार भारती. संविधानाचे अनुच्छेद ४६ अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हितसंबंध विशेष काळजीने जपण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर खासगी वाहिन्यांनाही रोज अर्धा तास लोकसेवेच्या कार्यक्रमांसाठी देणे भाग पाडले आहे. खासगी व्यापाऱ्याकडून अर्धा तास घेता, मग सरकारी विद्यापीठाकडून मराठीचा एक तास का घेत नाही?

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मूठभर वरच्या वर्गाला, हे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितले. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या भाबड्या सिद्धांताची त्यांनी चिरफाड केली. आज उपग्रह आकाशात आहे आणि ज्ञान खरोखरच वरून खाली येते आहे. पण झिरपणे अजून तसेच आहे, वरच्यावरच सुकणारे!

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. विद्यापीठांच्या वाहिन्यांवर मराठीतल्या पदवी अभ्यासक्रमाचे रोज किमान चार तास ठेवा, म्हणजे सहा फेऱ्यांत ते चोवीस तास पुरतील. त्यासाठी एक वाहिनी पूर्ण मराठीला द्या. आठवड्याचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर आगाऊ लावा. नोंदणी कागदी अर्जाने, तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर किंवा महाविद्यालयात होऊ द्या. गृहपाठ हाताने लिहून घ्या. परीक्षा तालुक्यातच घ्या आणि श्रेयांक द्या. फुले-आंबेडकरी विचारांची पाठमाला मराठीत तयार करा.

मागण्या करून हात झटकणे ही आंबेडकरी रीत नव्हे. प्रत्येक तालुक्यातून माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्काचे अर्ज गेले पाहिजेत: गेल्या वर्षी किती तास मराठी पाठ प्रक्षेपित झाले, किती निधी खर्च झाला, मराठी पाठमाला कोणत्या टप्प्यावर आहे? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ने अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी ठेवले आहेत, त्यांत राखीव जागाही आहेत. आमच्या समाजात पदवीधर हजारो झाले, पण मतदार म्हणून नोंदणी किती जणांनी केली? जिथे ठराव होतात तिथे माणूस नसेल तर मोर्चाच्या घोषणा फाटकाबाहेरच राहतात.

आणि विहारांच्या समित्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातला अगदी थोडा भाग काढला तरी विहारात एक टीव्ही, एक छत्री आणि एक बॉक्स येतो. बॉक्सवर वाहिन्या पुन्हा शोधा, विद्यापीठाच्या वाहिन्यांचे नंबर भिंतीवर ठळक लिहा. रात्री नऊचा पाठ मुलामुलींनी एकत्र बसून पाहावा. वस्तीतल्या शिक्षकाने, प्राध्यापकाने, वकिलाने आळीपाळीने तिथे बसून इंग्रजी-हिंदीतले मराठीत समजावून सांगावे. सरकार मराठी तास देईल तेव्हा देईल. तोवर आपण तो विहारात काढायचा. ज्या वस्तीत तीस मुले रोज रात्री पाठ पाहतात आणि वहीत हजेरी ठेवतात, त्या वस्तीची वही घेऊन आम्ही कुलगुरूंच्या दालनात जाऊ शकतो आणि उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. रिकाम्या हाताने गेलो तर 'मागणीच नाही' हे उत्तर तयार आहे.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे, आणि उपग्रहाची लहर आज आमच्या छपरावरून रोज सहा वेळा जाते. तिला घरात उतरवणे, आपल्या भाषेत आणणे आणि तिच्यावर पदवीचा शिक्का मिळवणे, ही या पिढीची लढाई आहे. ती आजच रात्री नऊ वाजता, आपापल्या विहारातून सुरू करा.

जयभीम!